परागंदा कवी आणि पडद्यावरची आरती

आपल्याकडे एखाद्या कलावंतावर चित्रपट निघाला की आपण जणू चपला बाहेर काढूनच थिएटरात शिरतो. पडद्यावर समई, तंबोरा, शालू, पगडी. मध्ये एक मरण, एक कर्ज, टाळ्यांचा एक कडकडाट. आणि शेवटी तसबिरीला हार. ‘काय माणूस होता!’ असे म्हणत आपण घरी येतो आणि जेवायला बसतो. याला मी आरतीचा चित्रपट म्हणतो. आरतीशी माझे भांडण नाही, ती देवळात शोभते. पण बिदर-कलबुर्गीसारख्या जिल्ह्यांत दर दोन पिढ्यांआड कोणी ना कोणी घर सोडून गेले आहे, नाही तर घर सोडून इथे आले आहे. अशा ठिकाणच्या माणसांनीही कलावंताच्या नावाने फक्त आरतीच मागावी, याचा मला राग येतो. हा लेख त्या रागापोटीच लिहिला आहे, हे आधीच सांगून टाकलेले बरे.

माझे म्हणणे एका वाक्यात सांगतो. आमच्या मातीतला चित्रपटाचा सर्वांत मोठा विषय म्हणजे बाराव्या शतकात कल्याणमधून परागंदा झालेले कवी. आणि तो विषय आम्ही मराठी माणसांनी ‘तो त्यांचा’ असे म्हणून सोडून दिला आहे.

असल्या विषयाचे काय करता येते ते पाहायचे असेल तर रशियाकडे पाहावे लागेल. आमच्या पिढीला रशिया माहीत झाला तो मॉस्कोत छापलेल्या स्वस्त आणि देखण्या मराठी पुस्तकांतून आणि अण्णा भाऊ साठ्यांच्या प्रवासवर्णनातून. त्या पुस्तकांतला रशिया नेहमी हसतमुख असे. त्यांच्या चित्रपटांतला रशिया मात्र वेगळाच निघाला.

आंद्रेई तार्कोव्हस्कीचा ‘आंद्रेई रुब्ल्योव’ १९६६ साली तयार झाला. रुब्ल्योव हा पंधराव्या शतकाच्या आरंभीचा, चर्चमधली देवचित्रे रंगवणारा साधू. आपल्याकडे त्याच्यावर चित्रपट निघाला असता तर पहिल्या रिळात चमत्कार आणि शेवटच्या रिळात समाधी असती. तार्कोव्हस्कीच्या तीन तासांच्या चित्रपटात हा चित्रकार रंगवताना जवळजवळ दिसतच नाही. दिसतो तो व्लादिमीर शहराचा विध्वंस. तार्तारांची फौज येते, पण तिला वेशीपर्यंत आणतो राजाचाच सख्खा भाऊ. एका वेडसर मुलीला वाचवताना रुब्ल्योवच्या हातून माणूस मरतो. त्यानंतर तो कुंचला ठेवतो आणि बोलणेही सोडतो. वर्षे जातात. साथीत मेलेल्या एका ओताऱ्याचा पोरगा पुढे येतो आणि सांगतो, घंटेच्या धातूचे गुपित बापाने मरताना मला दिले आहे, घंटा मी ओततो. घंटा वाजली नाही तर मुंडके जाणार. घंटा वाजते, आणि पोरगा चिखलात पडून रडत सांगतो की बापाने काहीच दिले नव्हते. ते ऐकून रुब्ल्योवचे मौन सुटते. मग काळापांढरा पडदा रंगीत होतो आणि त्याची खरी चित्रे दिसू लागतात.

कलावंत किती थोर होता, हे या चित्रपटाने विचारलेच नाही. गाव जळाल्यावर कलावंत गप्प का होतो आणि पुन्हा बोलतो तो कशामुळे, एवढेच त्याने विचारले. सरकारला प्रश्न नेमका कळला. १९६९ साली कान महोत्सवात चित्रपट गाजला, पण खुद्द सोव्हिएत देशातल्या प्रेक्षकांना तो दिसायला १९७१ साल उजाडले.

याच तार्कोव्हस्कीने पुढे १९८३ साली इटलीत ‘नोस्टाल्जिया’ केला. त्यात एक रशियन कवी अठराव्या शतकातल्या एका रशियन संगीतकाराचा माग काढत इटलीत हिंडतो. तो संगीतकार भूदास होता. इटलीत त्याला नाव मिळाले, तरी तो गुलामीत परत गेला आणि तिथेच त्याने जीव दिला. कवीबरोबर एक दुभाषी बाई आहे, ती रशियन कविता इटालियन अनुवादात वाचते आहे. कवी म्हणतो, ते पुस्तक फेकून दे, कवितेचा अनुवाद होत नाही. मग आम्ही एकमेकांना ओळखायचे कसे, असे ती विचारते. तो सांगतो, देशांच्या सीमा मोडून. दोन भाषांच्या घरात वाढलेल्या माणसाला हा संवाद ऐकून झोप कशी लागावी? पुढच्याच वर्षी, १९८४ साली, आपण मायदेशी परतणार नाही असे तार्कोव्हस्कीने मिलानमध्ये जाहीर केले. १९८६ च्या डिसेंबरात तो पॅरिसमध्ये वारला आणि परक्या मातीतच पुरला गेला.

तिसरे उदाहरण सर्गेई पाराजानोवचे. त्याला रशियन म्हणणेच चूक. तो तिबिलिसीत जन्मलेला आर्मेनियन, आणि त्याची कारकीर्द घडली युक्रेनमध्ये. १९६५ चा त्याचा गाजलेला चित्रपट युक्रेनी डोंगरी बोलीत आहे आणि त्यावर रशियन आवाज चढवायला त्याने साफ नकार दिला. १९६९ साली त्याने सायात-नोवा या अठराव्या शतकातल्या कवीवर ‘डाळिंबाचा रंग’ हा चित्रपट केला. सायात-नोवा आर्मेनियन, जॉर्जियन आणि अझरबैजानी तुर्की अशा तिन्ही भाषांत गात असे. दरबारातून तो बाहेर पडला, धर्मगुरू झाला, आणि १७९५ साली इराणी फौजेने तिबिलिसी लुटली तेव्हा मारला गेला, असे परंपरा सांगते. चित्रपटात बोलणे जवळजवळ नाही. कवी आणि त्याची प्रेयसी ही दोन्ही कामे एकच नटी करते. बालगंधर्वांच्या महाराष्ट्राला त्याचे नवल वाटू नये! सरकारने हाही चित्रपट दुसऱ्या दिग्दर्शकाकडून कापून-जोडून घेतला, आणि १९७३ साली पाराजानोवलाच तुरुंगात घातले.

तीन भाषांत गाणारा कवी! वाचकहो, हुमनाबादच्या माणिकप्रभूंची पदे आठवा. लाडवंतीत १८१७ साली जन्मलेल्या प्रभूंनी मराठीत गायले, कन्नडमध्ये गायले, हिंदुस्तानीत गायले. आम्ही त्यांच्या जात्रेला जातो, प्रसाद घेतो. पण जो माणूस तीन भाषांत देवाला हाक मारतो त्याचे मन कोणत्या भाषेत घडले असेल, हा प्रश्न आमच्या मनाला शिवत नाही. उलट दोन्हीकडचे अभिमानी त्यांची पदे मोजतात: मराठीत इतकी, कन्नडमध्ये इतकी. जणू शेताची पहाणी निघाली आहे आणि गुंठे कोणाच्या नावावर लागतात ते पाहायचे आहे.

मराठी चित्रपटाला हे कधीच जमले नाही असे म्हणणे कृतघ्नपणाचे होईल. प्रभातच्या ‘संत तुकाराम’ची १९३७ साली व्हेनिसला वाखाणणी झाली. त्यात चमत्कार आहेत, पण नवऱ्याच्या अभंगांनी पोट भरत नाही म्हणून तडकणारी आवली त्याहून मोठी आहे. १९४७ च्या ‘लोकशाहीर रामजोशी’त आपल्या शेजारच्या सोलापूरचा ब्राह्मण शाहीर तमाशाच्या फडात जातो म्हणून घराला आणि जातीला मुकतो. म्हणजे कलावंताला घर कसे नाकारले जाते, हे मराठी पडद्याला ठाऊक होते. मग हळूहळू आमच्या डोळ्यांत भक्तीचे पाणी साचले आणि दिसेनासे झाले.

बालगंधर्वांचेच घ्या. २०११ साली त्यांच्यावर देखणा चित्रपट आला. तो आम्ही गर्दीने पाहिला आणि शालूंवर, अत्तरावर, त्या ऐश्वर्यावर खूष झालो. पण बोलपटाने नाटक कंपन्यांचे कंबरडे मोडले त्या दिवसांत कंपनीत आलेली गोहरबाई आठवा. ती विजापूरकडची, कानडी मुलखातली, मुसलमान, गंधर्वांच्या गायकीवर जीव टाकणारी. मराठी रसिकांनी तिला काय दिले? गंधर्वांना बुडवणारी बाई, ही पदवी. धर्म परका, भाषा परकी, आणि जिथे गायची ती रंगभूमी तिला आपली म्हणायला तयार नाही. परागंदा म्हणजे आणखी काय असते? पासपोर्ट लागतो तेच परागंदापण, असे थोडेच आहे! आमच्या सीमेवरच्या या बाईला मध्यभागी ठेवून चित्रपट करा; मग बालगंधर्वही अधिक खरे दिसतील, आणि टाळ्या वाजवणारे आपणही दिसू. दुसरे दिसणे आपल्याला नको आहे, खरी अडचण ती आहे.

आता कल्याणकडे येतो. आज बसवकल्याण हा बिदर जिल्ह्यातला एक तालुका आहे. अकराव्या-बाराव्या शतकांत ती चालुक्यांची राजधानी होती. काश्मीर सोडून भारतभर भटकलेला कवी बिल्हण सहाव्या विक्रमादित्याच्या दरबारात इथेच स्थिरावला. इथल्याच सोमेश्वर राजाच्या ११२९ च्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात, महाराष्ट्रातल्या बाया कांडताना ओव्या गातात, अशी नोंद आहे. म्हणजे मराठी ओवीची एक जुनी खूण कन्नड राजधानीत लिहिलेल्या संस्कृत ग्रंथात सापडते. कलबुर्गीतही पुढे तेच घडले. १३९८ साली तैमूर दिल्लीवर चालून आला तेव्हा ऐंशीच्या घरातले बंदेनवाज गेसूदराज दिल्ली सोडून निघाले आणि अखेर गुलबर्ग्यात विसावले. त्यांच्या उरुसाला आजही सगळ्या जातींची माणसे जातात. असा हा मुलूख. परक्या कवीला आणि सूफीला त्याने जागा दिली.

आणि याच मुलखाने आपल्या कवींना हाकलले. बाराव्या शतकाच्या सातव्या दशकात, बिज्जळाच्या राज्यात, बसवण्णांच्या भोवती जमलेली माणसे कोण होती? चांभार हरळय्या, परीट मडिवाळ माचय्या, दोर वळणारा नुलिय चंदय्या, नावाडी अंबिगर चौडय्या. राजवाडा सोडून आलेली अक्कमहादेवी होती. मोळी विकणारा मारय्या हा मुळात काश्मीरचा राजा होता, अशी कथा हुमनाबादजवळच्या मोळकेऱ्याला आजही सांगतात. ही माणसे दिवसा धंदा करीत आणि वचने रचीत. मग हरळय्याच्या मुलाचे लग्न ब्राह्मण मंत्री मधुवरसाच्या मुलीशी लागले. परंपरा सांगते की दोन्ही बापांना हत्तीच्या पायाशी बांधून मारले. शहर पेटले, बिज्जळाचा खून झाला, आणि शरण मिळेल त्या वाटेने पांगले. बसवण्णा आधीच कूडलसंगमला निघून गेले होते. चन्नबसवण्णांबरोबरचे लोक वचनांचे गठ्ठे घेऊन पार उळवीच्या जंगलापर्यंत गेले, आणि पाठलाग करणाऱ्या फौजेला अडवायला परीट माचय्या उभा राहिला, असे म्हणतात.

सांगा, व्लादिमीरच्या विध्वंसात यापेक्षा जास्त काय आहे? डोक्यावर ताडपत्रांचा गठ्ठा घेऊन रात्री नदी ओलांडणारा परीट; ज्या शहराने बोलायला शिकवले ते मागे जळताना पाहणारी एखादी शरणी; आणि पुढे साडेसातशे वर्षांनी विजापुरात घरोघर हिंडून तीच ताडपत्रे गोळा करणारे, छापखान्यापायी राहते घर घालवणारे वकील फ. गु. हळकट्टी. १९२३ साली त्यांचे ‘वचनशास्त्रसार’ निघाले. आपले रुब्ल्योव आणि आपला ओताऱ्याचा पोरगा दोघेही इथे आहेत. त्यांच्याकडे पाहणारा तेवढा नाही.

कन्नड पडद्यावर बसवण्णा १९५९ साली आले, १९८३ साली पुन्हा आले. पण नावे पाहा: एक ‘जगज्ज्योती’, दुसरा ‘क्रांतियोगी’. म्हणजे आरती तिकडेही आहे, नुसती ताटे वेगळी. जळणाऱ्या कल्याणकडे डोळे उघडून पाहिले ते नाटककारांनी. लंकेश यांनी १९७१ साली ‘संक्रांति’ लिहिले, कर्नाडांनी १९९० साली ‘तलेदंड’. आज बसवकल्याणला १०८ फुटांचा पुतळा आहे, २०२१ साली नव्या अनुभव मंटपाची पायाभरणी झाली, आणि सगळ्या विभागालाच २०१९ पासून ‘कल्याण कर्नाटक’ हे नाव आहे. नावात कल्याण आले. कल्याणमधून कोणाला आणि का पळावे लागले, ते मात्र पुतळा सांगत नाही. पुतळे गप्प असतात, म्हणूनच ते सगळ्यांना परवडतात.

आता आक्षेप. पहिला आपल्याच मंडळींचा: ‘वचने कन्नड, शरण त्यांचे, आपल्याला काय त्याचे?’ बसवण्णांनी बिज्जळाच्या पदरी चाकरी सुरू केली ती मंगळवेढ्यात. सोलापूरचे सिद्धरामेश्वर, ज्यांच्या गड्ड्याच्या यात्रेला आपण संक्रांतीला सहकुटुंब जातो, त्यांनी वचने रचली ती कन्नडमध्ये. उरिलिंगपेद्दी हा दलित वचनकार नांदेडकडच्या कंधारचा, असे सांगतात. १ नोव्हेंबर १९५६ ला बिदर जिल्ह्याचे तीन तुकडे झाले आणि ते तीन राज्यांत गेले. शरणांच्या नकाशाला त्याचा पत्ताच नाही. तो आजही तिन्हीकडे पसरलेला आहे.

मुद्दा याहूनही खोल आहे. गेली सत्तर वर्षे आपण सीमाभागातले मराठी लोक सांगत आलो आहोत की भाषेचे घर गेले म्हणजे काय होते ते आम्हांला विचारा. मी भालकीकडचा, घरात मराठी, बाजारात कन्नड, आणि आजोबांच्या जमिनीचे कागद उर्दूत. हे दुःख मला कोणी शिकवायला नको. पण कन्नडमध्ये बोलणाऱ्या चांभाराचे आणि परटाचे परागंदापण ज्याला आपले वाटत नाही, त्याचे भाषेचे दुःख हे दुःख कसले? तो नुसता जमिनीचा वाद झाला. तो कोर्टात चालेल. त्यातून कविता होणार नाही, चित्रपटही होणार नाही.

दुसरा आक्षेप पैशांचा: ‘रशियात सरकार पैसे देत होते.’ खरे आहे. देत होते आणि चित्रपट कपाटातही टाकत होते. ग्लेब पानफिलोवच्या ‘थीम’मध्ये देश सोडू पाहणारा एक माणूस होता म्हणून १९७९ चा तो चित्रपट १९८६ पर्यंत अडवून ठेवला. ते चित्रपट झाले ते कोणीतरी हट्टाला पेटले म्हणून. आणि रशियाचीही आरती नको. २०२२ साली त्या देशाने युक्रेनवर स्वारी केली आणि किरिल सेरेब्रेन्निकोवसारखे त्याचे कलावंत पुन्हा परदेशी गेले. २०२४ साली दोन बायकांना, एका लेखिकेला आणि एका दिग्दर्शिकेला, एका नाटकासाठी तुरुंगाची शिक्षा झाली. रुब्ल्योवचे मौन तिथेही संपलेले नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत प्रामाणिक आहे, कारण तो भीतीचा आहे: ‘भावना दुखावतील.’ दुखावतील. वचनांच्या समग्र संपादनासाठी आयुष्य वेचणारे एम. एम. कलबुर्गी यांना ३० ऑगस्ट २०१५ ला धारवाडमध्ये त्यांच्या दारातच गोळी घातली गेली. तेव्हा ही भीती काल्पनिक नाही. पण गप्प बसून आपण काय वाचवतो आहोत? १९४८ चे उदाहरण घ्या. त्या मे महिन्यात रझाकारांनी गोरट्यात केलेली कत्तल आपण सांगतो, आणि सांगितलीच पाहिजे. त्याच सप्टेंबरात पोलीस ॲक्शननंतर याच बिदर, गुलबर्गा, उस्मानाबाद, नांदेड जिल्ह्यांत मुसलमानांवर जे गुदरले ते सुंदरलाल समितीने लिहून ठेवले, तेव्हा मात्र आपण विषय बदलतो. त्या वर्षी गावोगावच्या कव्वालांचे, शाहिरांचे, गोंधळ्यांचे काय झाले? कोण गेले, कोण गाणे सोडून शेतमजूर झाले? अर्धेच सांगणाऱ्या गावात रुब्ल्योव बोलू लागत नाही. मौन फोडायचे तर पूर्ण फोडावे लागते.

म्हणून आमच्या मराठी मंडळांना आणि लेकरांना शहरात शिकायला पाठवणाऱ्या आईबापांना माझे सांगणे रोकडे आहे. दिवाळीत, शिवजयंतीला ऑर्केस्ट्रावर आणि लावणीच्या जलशावर जो खर्च होतो त्यातला एक रात्रीचा खर्च बाजूला काढा. ‘रुब्ल्योव’ आणि ‘डाळिंबाचा रंग’ दाखवा, आणि कन्नड शेजाऱ्यांना पहिल्या रांगेत बसवा. ज्यांनी १९४८ आणि १९५६ पाहिले अशी माणसे आता बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत. घरातल्या पोरांच्या हातात मोबाइल आहेच, त्यावर त्यांची गाणी आणि त्यांचे बोलणे, कोणत्याही भाषेतले असो, उतरवून ठेवा. पुण्या-मुंबईहून कोणी येऊन आपला चित्रपट करील याची वाट पाहू नका. त्यांना आपण फक्त निवडणुकीच्या आणि मोर्चाच्या बातमीत दिसतो.

आणि या भागातल्या एखाद्या पोराने किंवा पोरीने उद्या कल्याणच्या परटावर चित्रपट केला, निम्मा मराठीत आणि निम्मा कन्नडमध्ये, तर तो कोणाच्या खात्यात जमा धरायचा याची पंचाईत दोन्ही सरकारांना पडू द्या. तुम्ही तिकीट काढा, आणि आत जाताना चपला पायांतच राहू द्या.